निरंक, लागू नाही आणि माहीत नाही



आज सकाळी जव्हारजवळच्या शिरपामाळावर जाऊन आलो. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ या माळावर पडला होता. जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथे भेटले, त्यांनी महाराजांच्या मस्तकी शिरपेच खोवला आणि म्हणून हा शिरपामाळ, असे परंपरा सांगते. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा यायचा. आता वय झाले आणि आयुष्यभर नोंदी तपासण्याचा धंदा केला, त्यामुळे काटा येतो तसा हात वहीकडेही जातो. उभ्या उभ्या नोंद लिहायला घेतली. स्थळ : शिरपामाळ. घटना : भेट. आधार : परंपरा. दिनांक... आणि तिथे पेन थांबले.

या भेटीनंतर थोड्याच दिवसांनी फौज सुरतेला पोचली. तिथल्या इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत तो दिवस ५ जानेवारी, मंगळवार असा येतो. आजच्या कॅलेंडरने मागे मोजत गेलात तर ५ जानेवारी १६६४ ला शनिवार पडतो. मग चुकले कोण? कोणीच नाही. इंग्रज त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना पाळत होते आणि ती आजच्या ग्रेगोरियन गणनेच्या दहा दिवस मागे होती. आजच्या हिशेबाने तो दिवस १५ जानेवारी, आणि १५ जानेवारी १६६४ ला मंगळवारच होता. शिवाय त्यांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या लेखी साल अजून १६६३ च होते.

लिहिणाऱ्याने ‘कालगणना’ असा रकाना ठेवला नाही, कारण त्याच्या वखारीत दुसरी कालगणना कोणी वापरतच नव्हते. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कशाला लिहायचे? साडेतीनशे वर्षांनी ते कोणालाच ठाऊक राहिले नाही. आपल्याला वाचवले त्या ‘मंगळवार’ या शब्दाने. तो लिहायची कोणाची सक्ती नव्हती, पण तो होता म्हणून ताळा जुळवता आला.

आजचा माझा विषय यातच आला. न लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ काय घ्यायचा आणि कोणती गोष्ट लिहायलाच लावायची?

शास्त्रज्ञ मोजमापे गोळा करण्याआधी एक कोश तयार करतात. त्याला डेटा डिक्शनरी म्हणतात. शब्दकोशात शब्द असतात, तसे या कोशात रकाने असतात. रकान्याचे नाव काय, त्याचा अर्थ काय, एकक कोणते, आकडा कुठून कुठवर जाऊ शकतो, हे सारे तिथे लिहिलेले असते. त्याखेरीज प्रत्येक रकान्यापुढे आणखी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा रकाना भरलाच पाहिजे का? आणि तो रिकामा राहिला तर वाचणाऱ्याने काय समजायचे? पहिल्या उत्तरातून सक्ती येते, दुसऱ्यातून डिफॉल्ट. वाचायला दोन ओळी आहेत. माझ्या अनुभवात कोशावरची अर्धी भांडणे याच दोन ओळींवर होतात.

हे फक्त प्रयोगशाळेतले प्रकरण आहे असे वाटत असेल, तर या सभागृहात ज्यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे त्यांनी हात वर करावेत. बघा! माझाही वर आहे.

महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांचा वाढदिवस सामुदायिक असतो. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला घेऊन आलेल्या आईबापांना तारीख ठाऊक नसायची. दाखलखारीज रजिस्टरातला जन्मतारखेचा रकाना मात्र रिकामा ठेवता येत नसे. तारीख असल्याखेरीज नाव चढणार नाही, नाव चढल्याखेरीज पोरगे वर्गात बसणार नाही. मास्तरांनी त्यातून वाट काढली, पोरगे सहा वर्षांचे दिसते ना, मग सहा वर्षे मागची १ जून. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण पुढे काय झाले पाहा. सरकारी नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे ला कचेऱ्या-कचेऱ्यांतून नारळ, शाली आणि निरोपाच्या भाषणांची झुंबड उडते. अर्धशतकापूर्वी रिकाम्या राहू न शकलेल्या एका रकान्याने पुढे कचेऱ्या रिकाम्या केल्या.

यात दोन चुका एकमेकींच्या हातात हात घालून आल्या. रकाना सक्तीचा होता, पण त्यात ‘माहीत नाही’ लिहिण्याची मुभा नव्हती. आणि भरलेले डिफॉल्ट खऱ्या तारखेसारखेच दिसत होते. ज्या पोराचा जन्म खरोखरच १ जूनला झाला, त्याची नोंद आणि माझी नोंद यांत आज कोणताही संगणक फरक करू शकणार नाही. आपण खोट्या तारखांवर हसतो, पण त्या गर्दीत एक-दोन खऱ्या तारखाही कायमच्या हरवल्या आहेत.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी स्फटिकांच्या रचनेचे काम केले. मिठाचा खडा, औषधाची पूड, प्रथिनाचा स्फटिक, कशावरही क्ष-किरण सोडायचे आणि आत अणू कुठे कुठे बसले आहेत ते काढायचे. या रचना जगभर एकाच पद्धतीने लिहिल्या जाव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने १९९० मध्ये ‘सिफ’ नावाची पद्धत स्वीकारली. सिडनी हॉल, फ्रँक ॲलन आणि डेव्हिड ब्राउन यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. साधी मजकुराची फाइल असते, रकान्याचे नाव आणि पुढे त्याची किंमत. सोबत कोश असतो. तो माणसाला वाचता येतो आणि यंत्रालाही.

त्या कोशातली दोन डिफॉल्ट सांगतो. स्फटिकाच्या घरट्याला, म्हणजे त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकक पेटीला, तीन कोन असतात. कोन लिहिला नाही तर तो ९० अंश समजावा. एखाद्या जागेवर अणू किती प्रमाणात आहे हे लिहिले नाही तर एक, म्हणजे पूर्ण, समजावे. दुसरे डिफॉल्ट मला पटते. बहुतेक जागा पूर्ण भरलेल्याच असतात, आणि अर्धी भरलेली जागा सापडली की ती सांगितल्याशिवाय शास्त्रज्ञाला राहवत नाही. पहिल्याबद्दल मात्र मी कुरकुर करतो. मिठाच्या स्फटिकात तिन्ही कोन काटकोन असतात, तिथे ठीक आहे. पण तिन्ही कोन वाकडे असलेले स्फटिक काही कमी नाहीत. तिथे कोणी एक कोन लिहायचा विसरला, तर यंत्र तक्रार न करता काटकोन धरून पुढे जाईल. विसरणे आणि मुद्दाम न लिहिणे या दोन गोष्टी त्या रिकाम्या जागेत सारख्याच दिसतात.

याहून मजेशीर गोष्ट तापमानाची. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स हा संगणकाचा कार्यक्रम जगभरच्या स्फटिकवाल्यांच्या रोजच्या वापरातला. त्यात तापमान सांगितले नाही तर कार्यक्रम २० अंश सेल्सियस धरतो, आणि अहवालात २९३ केल्विन छापले जाते. आता कल्पना करा, विद्यार्थी रात्रभर स्फटिकावर नायट्रोजन वायूचा गार झोत सोडून १०० केल्विनला मोजमाप करतो. पहाटे झोपेत ती एक ओळ द्यायची राहते. छापून येते २९३! आकडा नीट, एकक नीट, सोबत अनिश्चितताही नीट. आणि हे वरवरचे राहत नाही. कार्बनला लागलेल्या हायड्रोजनची जागा कार्यक्रम तापमान पाहून ठरवतो. बेंझिनसारख्या कड्यात खोलीच्या तापमानाला ते अंतर ०.९३ अँगस्ट्रॉम धरतात, थंडीत ०.९५. म्हणजे एक न लिहिलेली ओळ सगळे हायड्रोजन जागचे हलवून गेली.

स्फटिकशास्त्र संघाच्या तपासणी यंत्रणेला हे इतके अंगवळणी पडले आहे की २९३ दिसले की ती विचारते, जरा खात्री करता का? एखादी किंमत खरी असूनही ती पाहताच शंका यावी, इतकी ती डिफॉल्टने बदनाम केली. आपल्या १ जूनचा हा सख्खा भाऊ.

यावरून मी एक खूणगाठ बांधली. संकेताला डिफॉल्ट चालते, मोजमापाला चालत नाही. ‘अंतरे अँगस्ट्रॉममध्ये समजावीत’ हा संकेत आहे, तो कोशात एकदा लिहिला की पुरे. तापमान, वजन, जन्मतारीख, पाऊस या कोणीतरी जाऊन, पाहून, विचारून आणायच्या गोष्टी आहेत. जिथे कोणी गेलेच नाही तिथला आकडा कोशाने आपल्या खिशातून काढून देऊ नये.

मग तिथे लिहायचे काय? आपल्या सरकारी मराठीत यासाठी एक भारदस्त शब्द आहे, ‘निरंक’. तालुक्याहून जिल्ह्याला कळवायचे, माहिती निरंक. मला या शब्दाचे कौतुक आहे आणि भीतीही आहे. साथीचे रुग्ण निरंक, म्हणजे गावोगाव फिरून पाहिले आणि एकही सापडला नाही? की कोणी फिरलेच नाही? की त्या गावात उपकेंद्रच नाही, म्हणून प्रश्न लागू होत नाही? तीन वेगळी उत्तरे आणि शिक्का एकच.

सिफमध्ये यासाठी दोन चिन्हे ठेवली. प्रश्नचिन्ह म्हणजे किंमत आहे, पण मला माहीत नाही. टिंब म्हणजे हा प्रश्न इथे लागूच होत नाही. शून्य हे तिसरे, आणि ते खरेखुरे मोजमाप. केवळ एका अक्षराच्या खर्चात केवढा प्रामाणिकपणा! पण शास्त्रज्ञही माणसेच. त्यांनी टिंबावर आणखी एक ओझे टाकले. काही रकान्यांत टिंब म्हणजे ‘कोशातले डिफॉल्ट घ्या’. ‘लागू नाही’ आणि ‘नेहमीचेच समजा’ ही दोन बिऱ्हाडे एका खोलीत आली आणि तेव्हापासून कोशकारांत त्यावर खल चालू आहे.

पावसाचे उदाहरण घ्या. या डोंगरात पावसाची नोंद म्हणजे घरचीच गोष्ट. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे आणि ते आदल्या चोवीस तासांच्या नावे लिहायचे. समजा रविवारी मोजणारा तापाने आडवा झाला. भांडे तसेच राहिले. सोमवारी त्यात दोन दिवसांचे पाणी, ७० मिलिमीटर. वहीत रविवारचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून शून्य पडले आणि सोमवारी ७०. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. म्हणजे ज्या रविवारी रिपरिप चालू होती तो कोरडा ठरला, आणि ज्या सोमवारी ३० मिलिमीटरच पडला तो अतिवृष्टीचा. आकड्यांची बेरीज बरोबर, महिन्याचा पाऊस बरोबर, पण दोन्ही दिवस चूक. रविवारी प्रश्नचिन्ह आणि सोमवारपुढे ‘दोन दिवसांचे एकत्र’ एवढे लिहिण्याची सोय हवी होती.

अंगणवाडीताई समोर बसल्या आहेत, म्हणून वजनाबद्दल बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते २००६ पासूनचे. त्यात मुलीच्या वयानुसार वजनाच्या रेषा आहेत. बारा महिन्यांच्या मुलीसाठी ‘कमी वजन’ सुरू होते ७.० किलोच्या खाली. अठरा महिन्यांच्या मुलीसाठी ‘तीव्र कमी वजन’ ७.२ च्या खाली. आता ७.१ किलोची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. बारा महिन्यांची असेल तर ती तक्त्यात काठावर का होईना, पण साधारण गटात. अठरा महिन्यांची असेल तर मधला गट ओलांडून थेट तीव्र गटात. काटा तोच, पोर तीच. सहा महिन्यांचा फरक फक्त जन्मतारखेच्या रकान्यात. तिथे कोणी सोयीची तारीख टाकली असेल, तर हे पोर आकड्यांतून नाहीसे होईल.

म्हणूनच दंडाचा घेर आणि उंचीनुसार वजन यांना महत्त्व आहे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर पोर धोक्यात आहे, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांसाठी ही रेघ तीच राहते. चांगला कोश असाच विचार करतो. एक रकाना डळमळीत असेल, तर त्यावर न विसंबणारा दुसरा रकाना शेजारी ठेवतो. इंग्रजांच्या कागदातला मंगळवार आठवा.

आणि दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, तेव्हा? पोर इथे नाही. दरमहा वजन सक्तीचे. पडद्यावर आकडा टाकल्याखेरीज पुढचे पान उघडणार नाही, असा कार्यक्रम कोणी बनवला, तर ताई काय करतील? मागच्या महिन्याचा आकडा उतरवतील. ‘वरीलप्रमाणे’. दोष ताईंचा नाही. ज्याने ‘स्थलांतरित, वजन घेतले नाही’ हा पर्याय दिला नाही, त्याने त्यांच्या हातून ते लिहवून घेतले. मृत्यूच्या कारणाच्या रकान्याचेही असेच. वावर-वांगणी या गावाचे नाव या तालुक्यात उच्चारल्यावर सभागृह शांत होते. १९९२-९३ मध्ये तिथे पोरे गेली, आणि ती आजाराने गेली की कुपोषणाने, यावर वाद झाला. कारणाचा रकाना एकच असला की एक उत्तर दुसऱ्याला बाहेर ढकलते. वैद्यकीय मृत्यू-प्रमाणपत्राच्या नमुन्यात तात्काळ कारण, त्यामागचे कारण आणि हातभार लावणारे कारण अशा पायऱ्या असतात, त्या याचसाठी.

शेवटचा मुद्दा काळाचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी जव्हार-मोखाडे ठाणे जिल्ह्यात. समजा, १९९० मध्ये एका संस्थेने झाडांची नोंदवही केली. जिल्ह्याचा रकाना कोणी भरला नाही, कारण कोशात लिहिले होते, रिकामा असल्यास ठाणे समजावे. २०१४ नंतर कोणीतरी उत्साहाने कोशात ठाण्याच्या जागी पालघर केले. एकाही नोंदीला हात लागला नाही आणि तरी सगळ्या नोंदी बदलल्या. १९९० चे सागाचे झाड अशा जिल्ह्यात उभे राहिले, जो जन्मायला अजून चोवीस वर्षे होती. डिफॉल्ट बदलणे म्हणजे न उघडलेल्या सगळ्या जुन्या वह्यांत एकदम खाडाखोड करणे. म्हणून कोशाला आवृत्ती हवी आणि प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या आवृत्तीने लिहिली हे हवे. सक्तीचे उलट आहे. नवा सक्तीचा रकाना आज वाढवला की कालपर्यंतच्या सगळ्या चांगल्या नोंदी एका रात्रीत अपुऱ्या ठरतात.

मग सक्ती करायचीच नाही का? करायची, पण ज्याच्यावाचून नोंद नोंदच राहत नाही त्याची. प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. त्याच्या कोशात आज प्रत्येक रकान्यापुढे तो सक्तीचा आहे की नाही हे स्वतंत्रपणे लिहिलेले असते. अणूला ओळख देणारा रकाना तिथे सक्तीचा आहे. ओळखच नसेल तर हे स्थान कोणाचे, हेच कळणार नाही. ओळख सक्तीची असावी. बाकी बहुतेक ठिकाणी उत्तर देणे सक्तीचे असावे, आकडा देणे नव्हे. ‘मोजले नाही’ हेही उत्तर आहे, आणि ते देणाऱ्याला शिक्षा होऊ नये.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. माझी १ जून त्यांच्याच हातची. काही वर्षांपूर्वी दाखल्याच्या कामासाठी शाळेत गेलो तेव्हा मूळ रजिस्टर पाहायला मिळाले. माझ्या ओळीत जन्मतारखेच्या रकान्यात वळणदार अक्षरात १ जून होती. ओळीच्या टोकाला, आपल्या प्रत्येक नोंदवहीत असतो तो ‘शेरा’ नावाचा अरुंद रकाना. त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘तारीख अंदाजे. नागलीच्या लावणीत जन्म, आई सांगते.’

मी उभाच राहिलो. आमच्याकडे नागलीची लावणी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालते. म्हणजे माझा जन्म एक जूनचा नव्हताच, आणि हे गुरुजींना ठाऊक होते. रकान्याने त्यांना दिवस मागितला, तो त्यांनी दिला. आईने जे सांगितले तेही त्यांनी टाकून दिले नाही. तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात आज दिवस ठाऊक नसेल तर फक्त महिना किंवा फक्त वर्ष लिहिता येते. गुरुजींना कोणी प्रमाण शिकवले नव्हते. त्यांना एवढेच कळत होते की अंदाज हा अंदाज म्हणून लिहावा आणि कोणी सांगितले तेही लिहावे.

दाखल्याच्या छापील नमुन्यात ‘शेरा’ हा रकाना नव्हता. त्यामुळे १ जून तेवढी तिथून बाहेर पडली. सेवापुस्तकात गेली, पासबुकात गेली, आधार कार्डावर बसली. आईचे सांगणे कपाटातल्या रजिस्टरातच राहिले. तेव्हा नवा तक्ता आखणाऱ्या इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी विनंती आहे. एका वहीतून दुसऱ्या वहीत नोंदी नेताना शेवटचा रकाना मागे ठेवू नका.

काल रात्री मुक्कामी आल्यावर मी माझ्या वहीत माझीच नोंद नव्याने लिहिली. जन्म : जुलै मध्य ते ऑगस्ट. दिवस : प्रश्नचिन्ह. आधार : आईचे सांगणे. नोंद ठेवणारे : गुरुजी.